धुतलेला डबा

निरंजनचा डबा रोज घासूनपुसून परत येऊ लागला आणि सुमित्राच्या मनात पाल चुकचुकली. घरात पाण्याचा पेलासुद्धा न विसळणारा नवरा पावरलूमवर डबा घासतो? डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून तो पहाटे तापीच्या घाटापर्यंत पळायचा, त्याचं तिलाही कौतुक होतं. पण आता गालफडं बसली तरी त्याचा आरसा सुटत नव्हता. ती डब्यात एक पोळी जास्तच घालायची. "मी तर पूरा डबा खातो, पाह्य ना," म्हणायचा. नक्की कुणीतरी बाई आहे, तीच डबा घासून देते! आज स्वयंपाकाला मुद्दाम उशीर करून ती स्वतःच डबा घेऊन कारखान्यावर थडकली. फाटकाशी डब्याची कडी वाजली मात्र, एक गलेलठ्ठ कुत्रा धावत आला आणि तिच्यापुढे शेपूट हलवत बसला. दारातला कारागीर हसला, "भाभी, आज मोतीचा डबा लेट झाला!"