येतो गं

बाबांच्या वर्षश्राद्धाला दाखवायची फिल्म कोणत्या सॉफ्टवेअरवर जोडायची, हे ठरवण्यासाठी शर्वरीने तीन सॉफ्टवेअरना एकच तुकडा दिला होता. कॅनडातल्या युकॉनमधलं गोठलेलं तळं, स्नोमोबाइल या बर्फगाडीवर बाबा, आणि कॅमेरा धरलेल्या आईचा थरथरता हात. हेल्मेट चढवत बाबा म्हणतात, "येतो गं," आणि लांब लांब निघून जातात. त्याच दुपारी तळ्यावरचा बर्फ त्यांच्याखाली फुटला होता.

पहिल्या सॉफ्टवेअरने इंजिनाची घरघर काढली. दुसऱ्याने आईचा हात स्थिर केला. तिसरं माणसाचं बोलणं ऐकून चित्रच बदलून त्याच्याशी जुळवणारं होतं. त्याने 'येतो' ऐकलं आणि चित्रातली चूक सुधारली. आता बाबा बर्फ उडवत सरळ कॅमेऱ्याकडे येत होते.

"हे नको," भाऊ सुहृद म्हणाला. "याला मराठी कळत नाही. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?"

"मीही तसंच ऐकलं होतं रे," मागून आई म्हणाली. "पुन्हा लाव."

शर्वरीने पुन्हा लावलं. बाबा जवळ आले, थांबले. हेल्मेट काढायला त्यांनी हात वर नेले, आणि तुकडा संपला.

"पुढे?"

"एवढंच आहे, आई."

आईने पडद्यावरच्या त्या थांबलेल्या हातांवर बोट टेकवलं.

"मग होतं तसंच ठेव," ती म्हणाली. "जाऊ दे ह्यांना."