शंभर टक्के हजेरी

मुलांनी वर्गात बसावं म्हणून संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजनं यंदा पूर्ण हजेरीचं बक्षीस ठेवलं. मी भरलेला हजेरीपट पाहून प्राचार्यांनी माइकवर पुकारलं, “मोनिका पुंजाराम गव्हाणे, बी. ए. दुसरं वर्ष.” कोणी उठलं नाही. तिसऱ्यांदा पुकारल्यावर, ऑफिसात टीसी न्यायला आलेले एक गृहस्थ हॉलच्या दारात येऊन उभे राहिले.

“मी बाप तिचा. तिचं तर दिवाळीनंतर लगीन झालं.”

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या गृहस्थांना विचारलं, “शिकत्या मुलीचं एवढ्या घाईनं लग्न?”

“रोज पैठणवरून यष्टीनं यायची, साहेब. सर वर्गावर आलेच नाय म्हणून तशीच माघारी. शेवटी उजवून टाकली.”