उजवा कौल

“चपला भाईर, पावणं! देऊळ हाय हे, हॉटेल न्हाय!”

केरबा गुरवानं गाभाऱ्यातूनच आवाज टाकला, तशी उंबऱ्यात शिरलेली मंडळी ओशाळून मागं सरली. कोल्हापुरातून पन्हाळ्याचा वारसा बघायला आलेले लोक. त्यांना घेऊन येणारे यज्ञेश्वर सर इतिहासाचे मास्तर. दर रविवारी नवी टोळी घेऊन गडावर हजर. तीन दरवाजा झाला, अंबरखाना झाला, अंधारबाव झाली, की तटाकडेच्या या भैरोबाच्या देवळात मुक्काम.

“केरबा, यांना कौलाचं सांगा की जरा,” सर म्हणाले.

“त्यात काय सांगायचं? देवाच्या दोन्ही खांद्यांवर वल्ली कळी चिकटवायची. मनात प्रश्न धरायचा. उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. झालं!”

सरांनी मग रंगवून सांगितलं. गडावरच्या माणसांनी लग्नं, पेरण्या, भाऊबंदकीच्या वाटण्या, सगळं या दोन कळ्यांवर कसं ठरवलं ते. लोकांनी फोटो काढले. एका चष्मेवाल्यानं विचारलं, “पण खोटा नाही का ठरत कधी?”

केरबाचं तोंड कडूजहर झालं.

त्याची लेक भैरवी गेल्या पंचमीला माहेरी आली होती. मानेवर वळ. “आण्णा, मला परत धाडू नका,” एवढंच घोकत होती. केरबा पडला देवाचा माणूस. त्यानं कौल लावला. पोरीला ठेवून घेऊ का? डावी पडली. देवाच्या शब्दापुढं गुरव काय बोलणार? त्यानं स्वतः तिला एसटीत बसवून दिलं. दिवाळीच्या तोंडावर मंगळवार पेठेतल्या त्या घरात पोर जळाली. स्टोव्हचा भडका, म्हणाले सासरचे.

“समोरच्या इमारतीतल्या एका साक्षीदारानं खिडकीतून सगळं बघितलंय,” सरकारी वकील उदयसिंहांनी सांगितलं होतं. “कोर्टात बोलला तर तुमचा जावई आत. नाही बोलला तर मोकळा. दुसरा पुरावा नाही आपल्याकडं.” नाव मात्र ते काही केल्या सांगत नव्हते. “तुम्ही जाऊन पाय धराल, केरबा, आणि साक्ष पढवलेली म्हणून उडून जाईल.”

साक्षीची तारीख उद्यावर आली होती. केरबाच्या घशाखाली सकाळपासून चहासुद्धा उतरला नव्हता.

मंडळी झुणका-भाकरी खायला बाहेर पडली. एक बाई मात्र खांबाला टेकून तशीच उभी राहिली. “अवंतिकाताई, येताय ना?” सरांनी हाक मारली. “व्हा तुम्ही पुढं,” ती म्हणाली. पर्समध्ये फोन गुरगुरत होता. तिनं तो बंद केला, तेव्हा बांगड्या वर सरकल्या आणि मनगटावरचा काळानिळा डाग केरबाला दिसला.

“काका, माझ्यासाठी लावता का कौल?”

“लावतो की. काय इचारायचं ते मनात धर. मोठ्यानं बोलायचं न्हाय.” मग त्याला राहवेना. “भ्या वाटतंय व्हय गं घरात?”

“रात्ररात्र झोप नाही, काका. पोरं लहान आहेत. त्यांच्याकडं बघितलं की जीव खालीवर होतो.”

भैरवीच समोर उभी असल्यागत केरबाला गलबलून आलं.

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. लेक गेल्यापासून केरबानं अशा बायकांचा निवाडा देवावर सोडला नव्हता. भेदरलेली बाई आली, की ती सासर सोडू का हेच विचारणार, हे त्याला पक्कं माहीत. डाव्या कळीला तो घट्ट गंध थापी, उजवीला नुसतं पाण्याचं बोट. पाप लागलं तर लागू दे!

आजही त्यानं तेच केलं. तिनं डोळे मिटून हात जोडले, आणि तिचं पुटपुटणं संपायच्या आत उजवी कळी टपकन खाली आली.

“व्हय म्हणाला गं देव!”

बाई हुंदके देऊन रडली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “खात्रीला म्हणून आणखी एकदा लावायचा का?”

केरबा घाबरला. पुन्हा मन बदललं, म्हणजे ही परत त्याच घरात जाणार.

“येडी का खुळी तू? कौल म्हंजे पोरखेळ न्हवं! देवाचा शब्द मोडला की पोराबाळांवर येतंय. जे इचारलंस ते कर. पोलीस येऊ देत, वकील येऊ दे, कुणाचा बी बाप येऊन पाय धरू दे, मागं फिरू नकोस.”

“नाही फिरणार. पोरांची शपथ.” तिनं अंगारा कपाळाला लावला. चेहरा एकदम निवळला होता. “आता सांगायला हरकत नाही, काका. मंगळवार पेठेत आमच्या समोरच्या घरात दिवाळीच्या आधी सून जाळली. मी खिडकीत होते. उद्या कोर्टात साक्ष आहे माझी. त्यांची माणसं रोज फोन करतात. परवा जिन्यात गाठून हात पिरगाळला.”

केरबानं हातातलं तबक खाली ठेवलं. भैरोबानंच हिला गड चढवून पाठवली की! त्यानं तिच्यापुढं हात जोडले.

“अहो, हात कसले जोडता? तुमच्यामुळं तर सुटले मी,” ती डोळे पुसत म्हणाली. “‘मला काही दिसलं नाही, असं सांगू का?’ एवढंच तर विचारलं होतं देवाला.”