बाबूसिंगचा ढावलो

निता आईच्या गळ्यात पडली आणि अंगणातल्या साऱ्या बाया श्वास रोखून उभ्या राहिल्या. सासरी निघालेल्या लेकीने एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणावयाचा, म्हणजे आपले रडणे सुरात गावयाचे, ही बंजारा तांड्याची रीत. वारंगा फाट्याजवळच्या त्या तांड्यातील प्रत्येक लेकीला ढावलो शिकविला होता तो निताच्या आईने, रूपाबाईने. लग्न ठरले की पोरी तिच्या ओट्यावर येऊन बसत. "रड कितीबी, पण शब्द बराबर ऐकू आले पाहिजेत, पोरी," असे ती बजावीत असे.

गेल्या पोळ्याला तिला लकवा झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पाणी मागावयाचे असो की दुखणे सांगावयाचे असो, तोंडातून "ते... ते..." एवढेच निघे. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. शब्द तेवढे सापडत नाहीत." तेव्हापासून रूपाबाई ओट्यावर बसली नाही. कोणी भेटावयास आले की ती ओढणी तोंडावर घेऊन भिंतीकडे वळे. तिचा नवरा बाबूसिंग भाकरी थापावयास शिकला, तिची वेणी घालावयास शिकला. परंतु जिवंत माणसाचा शोक कसा करावा, हे त्यास कोणी शिकविले नव्हते. जिच्या बोलण्याने घर भरून वाहत असे, ती समोर बसलेली असूनही घरात नव्हती.

निताने सूर धरला. दुसऱ्याच ओळीला तिला हुंदका आला आणि पुढचे शब्द हरपले. तोच तिच्या खांद्यावरून दुसरा आवाज उठला. आवाज गंजलेला होता, पण सुराला पक्का होता. रूपाबाई गात होती. शब्द अडत नव्हते, ओळीमागून ओळ येत होती. बाबूसिंगच्या हातातला तांब्या कलंडून पाणी त्याच्या पायांवर सांडले, त्याचे त्यास भान नव्हते.

नवरीची जीप गेली. बायांनी रूपाबाईला घेरले. शेजारच्या जिवनबाईने तिचा हात धरला. "अगं रूपाबाई, वाचा आली की तुझी! बोल बरं काहीतरी!"

रूपाबाईने हर्षाने तोंड उघडले. "ते..." ती थांबली. तिने पुन्हा यत्न केला. "ते... ते..." तिचा चेहरा विझला. ओढणी ओढून ती घरात निघून गेली.

"देवानं दाखवलं अन् माघारी नेलं," जिवनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीवाचून घर ओस पडले होते. बाबूसिंगने चुलीवर चहा ठेवला. रूपाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. काल तिच्या कंठातून निघालेले शब्द आज कोठे दडले असतील, याचा तो विचार करीत राहिला. ते सुराबरोबर आले होते, सुराबरोबरच गेले होते. मग सुरावाचून त्यांना वाटच सापडत नसेल तर? परंतु ढावलो हे बायकांचे गाणे. गड्याने ते म्हटले तर तांडा वर्षभर हसेल. बाबूसिंगने उठून दार लोटले. तो तिच्याजवळ येऊन बसला. आणि ज्याने जन्मात कधी भजनातही तोंड उघडले नव्हते, त्या माणसाने आपल्या फाटक्या आवाजात ढावलो धरला.

"रूपाऽऽ गंऽऽ, चहा घेशील काऽऽ?"

रूपाबाई वळली. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. हसू आले की रडू, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. त्याने आणखी वरचा सूर लावून पुन्हा विचारले. तेव्हा तिने डोळे मिटले आणि त्याच सुरात एकेक शब्द वर काढला.

"निताऽऽ... पोचली... काऽऽ?"

हे शब्द कोणत्याही ढावलोत नव्हते. ते तिचे स्वतःचे होते. बाबूसिंगने तिचा लुळा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "पोचली गंऽऽ! पुतण्या तुझा सोडून आलाऽऽ!" त्याचे डोळे वाहू लागले, तिचेही वाहू लागले, आणि त्या दोघांचा सूर छपराबाहेर गेला.

बाहेर हातपंपावर जिवनबाई पाणी भरीत होती. लेकीची पाठवणी कालच झाली होती. पाठवणी नसताना घरातून असा रडता सूर निघाला, तर तांड्यात त्याचा अर्थ एकच. "गेली गं रूपाबाई!" असा हंबरडा फोडून ती घागर टाकून धावली. तिच्यामागे बाया धावल्या. गड्यांनी डोक्यावरची पागोटी काढून हातात घेतली. दार ढकलून जिवनबाई ऊर बडवीत आत शिरली.

"भाऊ, कशी हो गेली माझी बाई?"

बाबूसिंगने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"काहून रडून राहिल्या, बाई? कोणी गेलं न्हाई," तो म्हणाला. "आमी नवरा-बायको बोलून राहिलो."