कोरडा दोर

मागच्या वर्षी पुराची रंगीत तालीम झाली, तेव्हा दोर भिजलासुद्धा नव्हता. त्रिंबकनं तो खांद्यावर टाकून फोटो काढून घेतला, मग सगळ्यांनी चहा घेतला. पुढच्याच महिन्यात पूर आला. धोंडीराम नदीतल्या बाभळीला धरून हाका मारत राहिला आणि त्रिंबकला दोराचा गुंता काही सुटला नाही.

यंदा शिकवायला आलेल्या साहेबांनी सिंदफणेच्या काठावर खरोखर दोर फेकायला लावला.

"बुडणारा माणूस दोर कमरेला बांधून दोन झटके देईल. मगच ओढायचं."

पाण्यात कुणीच नव्हतं. त्रिंबकनं दोर फेकला.

तो ताणला गेला.

"बाभळीत गुतला असंल," कुणीतरी म्हणालं.

"बाभूळ तर धोंडीरामसंगंच गेलती," त्रिंबक पुटपुटला.

साहेबांनी माणसं मोजली. सगळी काठावर होती.

दोराला एक झटका बसला. मग दुसरा.

कुणी हललं नाही. त्रिंबकच्या पाठीमागं धोंडीरामची बायको सुभद्रा उभी होती. ती अगदी हळू म्हणाली,

"ओढा की, भावजी. आवंदा तरी ओढा."