घराची नाडी

विमलअक्का पेढ्यांचा पुडा घेऊन सोलर कंपनीच्या हुबळीतल्या ऑफिसात शिरल्या, तेव्हा पायाला अजून प्लास्टर होतं.

"तुमच्यामुळं जगले मी," त्या मॅनेजरला म्हणाल्या.

नवनगरातल्या घरी त्या एकट्याच राहत. मागच्या महिन्यात पहाटे न्हाणीत घसरून पडल्या. फोन बाहेर, पुढचं दार आतून बंद. ओरडून ओरडून घसा बसला. शेवटी कुणीतरी दार तोडलं. बाहेर ॲम्ब्युलन्स उभी होती.

"फोन आला होता," ड्रायव्हर कन्नडात म्हणाला. "या घरात आज गीझर लागला नाही, पंप लागला नाही, लगेच जाऊन बघा म्हणून. नाव नाही सांगितलं."

पुण्याहून धावत आलेल्या अभिषेकनं लगेच ओळखलं. "आई, आपल्या सोलरचे आकडे कंपनीकडं जातात. त्यांचंच काम हे."

मॅनेजरनं पेढा तोंडात टाकला. "आमचं लक्ष असतंच, अक्का."

मग कंपनीचे फोन सुरू झाले. "हल्ली तुमच्या घरी रात्री बराच वेळ लाईट असते. बॅटरी घ्या ना, मॅडम." अक्का चपापल्या. उपकार मोठे, ते विसरायचे नव्हते. पण घराची नाडी परक्याच्या हातात कशाला?

गल्लीत वायरिंगची कामं करणाऱ्या वनितानं इन्व्हर्टरशेजारी एक छोटी डबी बसवली आणि कंपनीचं खातं बंद केलं.

"आता आकडे तुमच्या घरातच राहणार. कुणाला दाखवायचे ते तुम्ही ठरवा."

"अभिषेकला दाखव. आणि कोण आहे मला?"

एक सून होती, अश्विनी. पॅनेल बसवताना सगळं तिनंच बघितलं होतं. पण घटस्फोटानंतर अक्कांनी तिचं नावसुद्धा घरात काढू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार धडाधड वाजलं. अक्कांनी वॉकर सरकवत जाऊन कडी काढली.

दारात अश्विनी. रायापूरहून स्कूटर मारत आलेली, हेल्मेट तसंच डोक्यावर, पायात घरातल्या स्लिपर. अक्कांना उभं बघितलं आणि ती पायरीवर मटकन बसली.

"फोनवर आज तुमच्या घराचे आकडेच दिसेनात, आत्याबाई," ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं, परत पडलात."