बिनभवानीची सकाळ

मनकर्णाबाईची भवानी झाली नव्हती, म्हणून जेसीबी उभा होता.

सुपर बाजार आदल्या दिवशीच ट्रकात बसून बायपासला गेला होता. कारंजा गावच्या चौकातली त्याची रिकामी इमारत आज पाडायची आणि तिथं घरकुलाचे मजले चढवायचे, असं ठरलेलं. फक्त पायरीवर धनज गावची मनकर्णाबाई बसली होती, पुढ्यात मेथी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. सुपर बाजारातून निघालेला माणूस तिची जुडी घेतल्याशिवाय पायरी उतरत नसे. बायपासच्या नव्या दुकानाला पायरीच नव्हती. काचेचं दार होतं आणि दारात वॉचमन. ही पायरी गेली की बाईचं दुकान गेलं.

ती भांडली नाही. ठेकेदाराच्या इंजिनिअरला, हर्षलला, तिनं एवढंच सांगितलं की पहिली विक्री झाली की उठते. भवानीआधी टोपली उचलली तर वर्षभर धंदा बसतो.

हर्षल हसला. चौकात एवढी गर्दी, एक गिऱ्हाईक यायला कितीसा वेळ! पण गर्दी नुसती बघत राहिली. मेथीवाचून ज्यांचा घास उतरत नाही ते म्हणाले, आज उपास आहे. पंचांगात नव्हता, पण त्या सकाळी अर्ध्या कारंज्याला होता.

त्यानं ड्रायव्हरला मशीन चालू करायला सांगितलं. ड्रायव्हर हरिसिंग, पोहरादेवीकडचा. त्यानं दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"साहेब, बिनभवानीच्या बाईले उठवलं न, तर मशीन दिवसभर चालू होत नाई. म्या पायलं हाय."

कुठं पाहिलं, ते कोणी विचारलं नाही.

मग हर्षलनं स्वतःच जुडी उचलली आणि मोबाईल काढला.

"दुसऱ्या गिऱ्हाइकापासून चालते थो," मनकर्णाबाई म्हणाली. "पयली भवानी कपाळाले लावा लागते. मोबाईल लावू काय कपाळाले?"

गर्दी खो खो हसली. हर्षल नाणं मागत दुकानोदुकानी फिरला. जो तो म्हणे, आमचीच भवानी व्हायची, त्याआधी गल्ल्यातून पैसा बाहेर काढत नाही. सूर्य डोक्यावर आला तरी अख्खा बाजार बिनभवानीचा. रिकामी किटली धूत बसलेला चहावालासुद्धा तेच म्हणाला.

हर्षल परतला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. त्यानं कुणाला तरी फोन केला आणि मोठ्यानं सांगितलं की पोलिसांची गाडी निघालीय. हसू थांबलं. मागच्या पोरांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. हरिसिंग मशीनवरून उतरून बाजूला उभा राहिला.

तेवढ्यात गर्दीतून नानीबाई पुढे आली. सुपर बाजारात झाडूपोछा करणारी, मनकर्णाबाईसोबत रोज एका बशीत चहा पिणारी. तिचं टिनाचं घर नाल्याच्या काठावर, आणि नाव घरकुलात लागलेलं. लोकांनी आधी तिला वाट दिली. मग तिची मूठ पाहिली, पण तोवर ती पायरीशी पोचली होती.

तिनं मूठ उघडली. तळहातावर नाणं.

"सांबाराची एक जुडी दे, मनकर्णे."

पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं, हे दोघींना ठाऊक होतं.

"तू, नाने?"

"औंदा पानी खाटेले लागलं, बाई."

मनकर्णाबाईनं जुडी दिली. सवयीनं वर आणखी चार काड्या घातल्या. नाणं टोपलीला लावलं, कपाळाला लावलं, कमरेला खोचलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. टोपली डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. गर्दीतून कोणी हललं नाही. तो हात नानीबाईनंच लावला.

टोपलीखालून मनकर्णाबाईनं विचारलं, "कोनता मजला?"

"तिसरा म्हनतेत."

"मंग दोरी लांब घेऊन ठेवजो. सकायी टोपली खाली सोडजो. भवानी तुयाच हातची."

ती धनजच्या रस्त्याला लागली. मागं मशीन पहिल्याच झटक्याला चालू झालं.

नानीबाईनं वर पाहिलं. तिसरा मजला जिथं येणार होता, तिथं एक घार फिरत होती.